लोकसंख्या घटते आणि जमीन महागते: सिंधुदुर्गात हे एकाच वेळी कसं?

प्रश्न असा आहे: "आजोबांचं घर कुडाळ तालुक्यात आहे. आम्ही दोघं आणि दोन मुलं मुंबई सोडून तिथे राहायला जायच्या विचारात आहोत. जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या कमी झालेली दिसते, वाडीत अर्धी घरं बंद दिसतात, तरी जमिनीचे भाव चढलेले. जिल्हा गरीब म्हणायचा की सुखवस्तू? तिथली माणसं जगतात कशावर?"

मी या जिल्ह्यात आधी ग्रामसेवक आणि नंतर ग्रामविकास अधिकारी म्हणून तीस वर्षं काढली. खाडीकाठची गावं केली, मधल्या पट्ट्यातली केली आणि सह्याद्रीच्या पायथ्याचीही केली. घरपट्टीची नोंदवही, जन्म-मृत्यूचं रजिस्टर, ग्रामसभेचं इतिवृत्त या दप्तरांतून गाव जसं दिसलं तसं सांगतो. उत्तर लांबेल, कारण तुम्ही घर हलवायला निघाला आहात आणि अशा वेळी अर्धवट माहिती वाईट.

आधी आकडे. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा, क्षेत्रफळ 5,207 चौरस किलोमीटर, तालुके आठ. 2001 मध्ये इथे 8,68,825 माणसं होती, 2011 मध्ये 8,49,651. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ 16 टक्क्यांनी वाढली. शेजारच्या रत्नागिरीतही घटच झाली, तीही आमच्याहून जास्त. आमच्याकडे चौरस किलोमीटरमागे 163 माणसं, राज्यात 365. शंभरातले 87 लोक खेड्यात राहतात. साक्षरता 85 टक्क्यांच्या पुढे, म्हणजे राज्याच्या सरासरीहून वर. आणि ज्या आकड्यावरून आमच्या जिल्ह्याचं नेहमी कौतुक होतं तो म्हणजे हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया.

या शेवटच्या आकड्याबद्दल मला बोललंच पाहिजे. मुलींना इथे जास्त मान आहे म्हणून तो आलेला नाही. शून्य ते सहा वर्षांच्या मुलांमध्ये बघा, तिथे मुलीच कमी आहेत. मोठ्या वयात बायका जास्त दिसतात, कारण पुरुष मुंबईला असतात. रत्नागिरीत तर हे प्रमाण 1122 आहे. शंभर-सव्वाशे वर्षांचं स्थलांतर त्या एका आकड्यात साठलेलं आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातली माणसं खोलीत दहा-पंधराजण मिळून राहिली, खाणावळीत जेवली आणि इकडे मनीऑर्डर पाठवत राहिली. शेत, सासू-सासरे, गुरं आणि पोरं बायकोने सांभाळली. जानेवारी 1982 मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि ती मनीऑर्डर आटली. तेव्हा परत आलेली माणसं मी नोकरीच्या सुरुवातीला पाहिली आहेत. अंगणात बसून असत, शेतात हात बसत नसे. पुढच्या पिढीने गिरणीऐवजी बँक, बेस्ट, कुरिअर, हॉटेल, कंपनी धरली. पण वाट तीच राहिली, दहावी-बारावी झाली की मुंबई.

तुमच्या वाडीत बंद घरं दिसतात ती याच माणसांची. त्या घरांची घरपट्टी भरलेली असते, कौलं शाकारलेली असतात, बऱ्याच ठिकाणी आता कौलं जाऊन स्लॅब पडलेला असतो. 2011 ची शिरगणती फेब्रुवारीत झाली. फेब्रुवारीत ही घरं कुलूपबंदच असतात. तेच गाव गणेशचतुर्थीला मोजलं तर आकडा कुठल्या कुठे जाईल. म्हणून मी म्हणतो, हा जिल्हा दोन ठिकाणी राहतो. रेशनकार्ड एकीकडे, देव दुसरीकडे. गावचा गणपती, जत्रा, शिमगा, घराची वाटणी, म्हाताऱ्यांचं शेवटचं आजारपण हे सगळं इथे. पगार, मुलांची शाळा आणि बहुतेकांचं मत तिथे.

गावच्या जन्म-मृत्यू रजिस्टरवरून लोक फार लवकर निष्कर्ष काढतात, तेही सांगून ठेवतो. रजिस्टर उघडलं तर मृत्यूंची पानं भरलेली आणि जन्माची रिकामी दिसतात. एका तरुण पत्रकाराने ते पाहून "गाव संपत चाललं" असं लिहिलं होतं. पण जन्माची नोंद जिथे जन्म होतो तिथे होते. बाळंतपणं आता कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या दवाखान्यांत होतात, नाहीतर थेट गोव्यात किंवा मुंबईत. मरायला मात्र माणूस घरी येतो. गाव म्हातारं होतंय हे खरं आहे, पण ते बघायचं तर अंगणवाडीचा आणि शाळेचा पट बघा. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत पहिली ते चौथी मिळून मुलं दहाच्या आत आली आहेत.

आता जगण्याचं साधन. भाताने पोट भरतं, घर चालत नाही. जमिनीचे तुकडे लहान, एका पावसाचं पीक, लावणीला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी पिकाच्या किमतीला भिडते. म्हणून मळ्यातली चांगली शेतंसुद्धा पडीक दिसतील. वायंगणी (उन्हाळी) भात आणि भुईमूग जिथे पाणी टिकतं तिथेच उरले आहेत. भरडावरची, म्हणजे उंच वरकस जमिनीतली नाचणी, वरी जवळजवळ गेलीच. त्यात गवे, रानडुकरं, माकडं, आणि 2002 पासून दोडामार्ग तालुक्यात कर्नाटकातून उतरलेले हत्ती. एका रात्रीत केळी आणि माड आडवे झालेले मी पंचनाम्याला जाऊन पाहिले आहेत. नुकसानभरपाई मिळते, पण माड पुन्हा फळाला येईपर्यंत जी वर्षं जातात त्यांची भरपाई नसते.

खरा पालट झाला तो 1990-91 मध्ये रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने. शंभर टक्के अनुदान होतं. कातळावर सुरुंग लावून खड्डे मारले, बाहेरून माती आणून भरली आणि हापूसची कलमं लावली. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याचे उघडे सडे त्या दहा-पंधरा वर्षांत हिरवे झाले. महाराष्ट्रात ज्या सरकारी योजना मी जवळून पाहिल्या त्यांत इतका टिकाऊ परिणाम दुसरीचा नाही, हे मी ठामपणे सांगतो. डोंगरउतारावर काजू आला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 ही कलमं आज घरोघरी आहेत. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वेंगुर्ला काजूला त्याआधीच मिळालं होतं.

पण आंबा म्हणजे हातात आलेला पैसा नव्हे. मोहोर थंडीवर अवलंबून. थंडी लांबली, अवकाळी पाऊस आला, तुडतुडा किंवा थ्रिप्स पडला की फवारणीमागून फवारणी. कल्टार हे वाढ रोखणारं रसायन घालून झाड लवकर मोहोरायला लावतात, त्याचा ताण झाड पुढे काही वर्षांनी दाखवतं. राखणीला नेपाळी कुटुंबं ठेवावी लागतात, ती बागेतल्याच मांगरात, म्हणजे लहानशा घरात, राहतात आणि हंगाम संपला की जातात. या कुटुंबांच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न मी अनेक ग्रामसभांत मांडला, कारण ती मुलं कुठल्याच गावच्या पटावर नसतात. फळ पेटीत भरून वाशीच्या घाऊक बाजारात जातं आणि भाव तिथे ठरतो. हंगामाची पहिली पेटी सोन्याच्या भावाने जाते, त्याचा फोटो छापून येतो. मे महिन्यातल्या पेटीला काय मिळालं ते कोणी छापत नाही. छोटा बागायतदार म्हणूनच झाडं व्यापाऱ्याला कराराने देऊन मोकळा होतो. उत्पन्न कमी, पण ठरलेलं.

काजूचं गणित वेगळं. खर्च कमी, पण रोज झाडाखाली वाकून बी वेचायला माणूस हवा. हे काम बहुतेक घरांत साठीच्या पुढच्या बायका करतात. आफ्रिकेतून स्वस्त बी आयात होते, तिच्यामुळे आमच्या बीचा भाव खाली ओढला जातो. शेजारच्या गोव्यात काजूला आधारभूत किंमत आहे, बोंडूपासून, म्हणजे काजूच्या फळापासून, उर्राक आणि फेणी ही दारू होते. आमच्याकडे बोंडू बहुतांशी झाडाखाली कुजतो. मला यात दरवर्षी वाया जाणारं उत्पन्न दिसतं. कमी हातांत होणारं पीक विचाराल तर बांबू, आमचा माणगा. पाच-सहा वर्षांत तोडीला येतो, व्यापारी दारात येऊन नेतो आणि 2017 च्या कायदाबदलानंतर खासगी जमिनीतल्या बांबूची तोड आणि वाहतूक सोपी झाली. तुम्ही दोघंच असाल, शेती नवीन असेल, तर मी आधी बांबूच सुचवीन.

किनाऱ्यावरचं अर्थकारण वेगळं आहे. मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजाची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, हा एकेकाळी आख्ख्या वाडीचा धंदा होता. जाळं ओढायला जो हात लावेल त्याला वाटा. मग यांत्रिक नौका आल्या, माशांचा अख्खा थवा वेढून घेणारी पर्ससीन जाळी आली, रात्री दिवे लावून मासेमारी आली आणि किनाऱ्याजवळचा बांगडा, तारली कमी होत गेली. फेब्रुवारी 2016 च्या शासन आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले. कागदावर ते चांगले आहेत, समुद्रात राखायला गस्तीनौका कमी पडतात. 1 जून ते 31 जुलै बंदी, आणि वादळाचे दिवस वेगळेच. या घरांना पर्यटनाने हात दिला हे मान्य करायला हवं. 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषणा झाली तेव्हा आम्ही सगळे "फलक लागला" एवढंच म्हणालो होतो. पण तारकर्ली, देवबाग, वायरीत आज कोळणीच्या हाताखालची खानावळ आणि चार खोल्या यावर घर उभं आहे, मुलगा स्कूबाच्या होडीवर आहे. धंदा ऑक्टोबर ते मे. पावसात होड्या वर आणि खोल्या बंद.

आणि एक उत्पन्न असं आहे जे शेतीच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, ते म्हणजे गोवा. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले तालुक्यांतली तरुण पोरं पहाटे दुचाकीवरून किंवा कंपनीच्या बसने गोव्यात जातात आणि रात्री परत येतात. औषधकंपन्या, हॉटेलं, आता मोपाचा विमानतळ. पगार गोव्याचा, घर गावचं. मुंबईला गेलेला मुलगा वर्षातून दोनदा दिसायचा, हा रोज जेवायला घरी असतो. या तीन तालुक्यांत वाड्या जिवंत दिसतात त्याचं मोठं कारण हे आहे. देवगड, वैभववाडीला ती सोय नाही, तिथे बंद घरं जास्त.

म्हणून गरीब की सुखवस्तू, या प्रश्नाला मी असं उत्तर देईन. उपाशी घर तुम्हाला सहसा सापडणार नाही. पक्कं घर, संडास, वीज, टीव्ही जवळजवळ सगळीकडे. 2016 मध्ये केंद्राच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाटीच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग पहिला आला होता, त्या कामात मी स्वतः होतो आणि तो निकाल खरा होता. पण माडावर चढायला माणूस नाही. चिरेखाणीवर कर्नाटकातले मजूर, बागेत नेपाळी, बांधकामावर उत्तरेकडचे. सत्तरीतल्या आजीच्या खात्यात मुलाचे पैसे दर महिन्याला जमा होतात आणि ते काढायला तिला बाजारापर्यंत नेणारं कोणी नाही. मी पाहिलेली टंचाई ती ही. पैसा येतो, माणूस येत नाही.

राहणीमानाचं पुढे. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त, आणि तरी एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. जांभा दगड पाणी धरत नाही, ते ओढ्यातून खाडीत जातं. पाऊस संपला की गावं श्रमदानाने वनराई बंधारे घालतात, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती भरून. जिथे हे वेळेवर होतं तिथे विहिरी महिनाभर जास्त टिकतात, हा माझा अनुभव. आजोबांच्या घराची विहीर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन बघा. दिवाळीत बघितलेल्या विहिरीवर विश्वास ठेवू नका.

आरोग्य ही सर्वांत कच्ची बाजू. प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, डॉक्टरांच्या जागा कायम रिकाम्या. जिल्ह्याचं मुख्यालय असलेल्या ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2021-22 पासून सुरू झालं, त्याने फरक पडतो आहे, पण मेंदूचा मार, हृदयाचा झटका, कठीण बाळंतपण म्हटलं की आजही रुग्णवाहिका गोव्यातल्या बांबोळीच्या दिशेने वळते. गोव्याच्या त्या सरकारी रुग्णालयाने आमच्या जिल्ह्याची किती माणसं वाचवली याची मोजदाद नाही. माझ्या थोरल्या भावाला एका ग्रामीण रुग्णालयात रात्री नेलं तेव्हा तिथे डॉक्टर नव्हते आणि बांबोळीला पोचेपर्यंत उशीर झाला होता. त्यामुळे हे मी पुस्तकी बोलत नाही. घरात हृदयरोगी किंवा डायलिसिसवरचं माणूस असेल तर कुडाळ, सावंतवाडी, कणकवली यांपासून लांब राहू नका. पावसात चिखलात काम केल्यावर ताप आला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) तपासणी त्याच दिवशी करा. दोडामार्ग-बांदा भागात जानेवारी ते मे हा गोचिडीतून होणाऱ्या माकडतापाचा काळ. 2016 पासून काजू वेचायला रानात गेलेली माणसं त्यात दगावली आहेत. अंगाला लावायचं गोचीड-प्रतिबंधक तेल आरोग्य केंद्रात मिळतं, ते लावल्याशिवाय रानात जाऊ नये आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळवावं.

शाळेची काळजी त्या मानाने कमी करा. 2012 पासून दहावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं पहिलं येतं. शिक्षक कष्टाळू आहेत. अडचण एकटेपणाची आहे, वर्गात तीनच मुलं असतील तर खेळायला सोबती नाही. केंद्रशाळा किंवा बाजारगावची शाळा बघा.

आता जमीन, कारण तुमच्या प्रश्नाचा काटा तिथेच आहे. भाव चढण्याची उघड कारणं तुम्हाला माहीत आहेत: 1998 मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे, महामार्गाचं चौपदरीकरण, 2021 मध्ये सुरू झालेला चिपीचा विमानतळ, बाहेरचे गुंतवणूकदार. दुसरं कारण सात-बारावर लिहिलेलं असतं. आजोबांचा उतारा काढलात तर त्यावर तुम्हाला तीस, चाळीस नावं दिसतील. त्यांतली काही माणसं वारलेली, वारसनोंद झालेली नाही, काहींच्या मुली लग्न होऊन बेळगाव-बडोद्याला. खोताच्या, कुळांच्या, सामाईक कुटुंबाच्या जुन्या व्यवस्थेतून ही जमीन आली आणि तीन पिढ्या कोणी वाटप केलं नाही, कारण वहिवाट तोंडी ठरलेली होती आणि चालत होती. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत तर कबुलायतदार गावकर पद्धतीच्या, म्हणजे गावकऱ्यांनी सामाईक धरलेल्या जमिनींचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळला. परिणाम असा की रान पडीक दिसतं, पण विकता येईल, कर्ज काढता येईल, अनुदान घेता येईल अशी निर्वेध जमीन फार थोडी. गिऱ्हाईकं वाढली आणि विकाऊ तुकडे मूठभर, म्हणून भाव. माणसं कमी होतात तेव्हा नावं कमी होत नाहीत, ती दर पिढीला वाढतात.

तेव्हा तुम्ही इथे यायच्या आधी घराची दुरुस्ती काढू नका. आधी सात-बारा, आठ-अ (खात्यावरच्या जमिनींचा उतारा) आणि फेरफार काढा. ग्रामपंचायतीत नमुना 8 वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, घर कोणाच्या नावावर आहे ते बघा, जमीन आणि घर यांची नावं पुष्कळदा वेगळी असतात. वारसनोंदी तलाठ्याकडे लावून घ्या. सगळे खातेदार राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे संमतीने वाटप होतं, खर्च फार थोडा. राजी नसतील तर दिवाणी दावा, आणि मग मुलं मोठी होईपर्यंत वाट पाहा. तुमचं नाव उताऱ्यावर येणं आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं: शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. कोणी "मी जमवून देतो" म्हणाला तर उठून या.

संमतीसाठी एकेकाला मुंबईत गाठत बसू नका. डोंबिवली, विरार, भांडुप करता करता वर्ष जाईल आणि प्रत्येकजण दुसऱ्याचं मत विचारील. चतुर्थीला सगळी नावं एकाच घरात जेवायला बसलेली असतात. वंशावळ कागदावर काढून न्या, नकाशाची झेरॉक्स न्या, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला आदल्या दिवशी एकट्याने भेटून सगळं समजावून सांगा, आणि आरतीनंतर विषय त्यांच्याच तोंडून निघू द्या. आत्याचा आणि बहिणींचा हिस्सा पहिल्यांदा बोला, शेवटी नको. माझ्या हाताखालून जी वाटपं तंट्याशिवाय झाली, त्यांतली बहुतेक विसर्जनाच्या आधी ठरली होती.